तिखटमीठमधले उलटे डबे

मोरेश्वर गुप्ते गेल्यावर महिनाभरात न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनच्या मराठी मंडळींत बातमी फिरली की मोरेश्वर अजून दुकानात येतो. येतो, कुणाशी बोलत नाही, डबे उलटे करतो आणि जातो. बातमी देणाऱ्यांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं, पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांना ते चांगलं ओळखत होते. नारळाच्या दुधाचा डबा आपोआप उलटताना एकीने तर डोळ्यांनी बघितला, असं तिच्या नणंदेच्या शेजारणीने सांगितलं. व्हॉट्सअॅप ग्रूपवर अजून 'ओम शांती' चालू होतं. त्याच्याखाली कुणीतरी विचारलं, "पण शांती झालीय ना नक्की?"

तसलं काही नव्हतं. डबे उलटत होते, हे मात्र खरं. रमण करंदीकर, म्हणजे 'तिखटमीठ' दुकानातला मोरेश्वरचा भागीदार, रोज सकाळी फळीवरचे सगळे डबे सरळ करून ठेवायचा आणि दुपारच्या चहापर्यंत त्यातले निम्मे पुन्हा डोक्यावर उभे असायचे. रमण भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. तो ठाण्याचा आहे आणि हिशेबातला आहे. पण तिसऱ्या दिवशी त्याच्याही मानेवर काटा आला. मग राजम्याच्या पोत्यांमागे बसून त्याने पहारा केला, आणि अर्ध्या तासात भूत सापडलं. भुताने नऊवारीवर पफर जॅकेट चढवलं होतं, कानटोपी घातली होती आणि पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, होत्या. आमरसाच्या जड डब्याला दोन्ही हात घालून ते त्याला डोक्यावर उभं करायला बघत होतं.

"काकू! तुम्ही?"

मंदाकिनीबाई सबनीस दचकल्या नाहीत. त्या मुलाकडे राहायला आल्या त्याला आता इतकी वर्षं झाली आहेत की कशालाच दचकत नाहीत. "मग काय तुझा भागीदार? त्याला आता जमणारे का हे? धर इकडून. आणि रोज सकाळी सरळ कोण करून ठेवतं रे? माझ्या फुटपाथातलं झाडाचं मूळ तसंच आहे अजून. डबा सरळ केलास म्हणजे काम झालं का माझं?"

चौकशीअंती कळलं की अशी भुतं बरीच होती. कुणाची सून ऑफिसात, कुणाचा मुलगा सिटीत. दुपारी पाय मोकळे करायला निघायचं, दुकानात शिरायचं, रमण फोनवर असला की आपापला डबा उलटा करायचा आणि पाव किलो शेंगदाणे घेऊन साळसूदपणे घरी जायचं.

ही उलट्या डब्यांची रीत मोरेश्वरची. काउंटरच्या बाजूच्या फळीवर त्याने टिनचे डबे मांडले होते: छोले, फणस, आमरस, नारळाचं दूध. दुकानात कुणी कुरकुर घेऊन आलं, म्हणजे दिवा बंद आहे, बस न थांबता पुढे जाते, पार्कात कुत्री मोकळी सोडतात, तर मोरेश्वर म्हणायचा, "डबा निवडा." त्या माणसाने निवडलेला डबा तो उलटा करायचा. आता हा डबा दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढे. त्याला उलटी वस्तू बघवत नसे, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तरी त्याचं जेवण गोड लागत नसे. काम होईपर्यंत तो डबा त्याला टोचत राहायचा. काम झालं की डबा सरळ, आणि मग, इथेच मोरेश्वर मोरेश्वर होता, तो डबा त्या माणसाने विकत न्यायचा. पूर्ण किमतीला.

"मत नका देऊ," तो म्हणायचा, "डबा न्या. मताचं मला काय, ते तीन वर्षांनी. छोल्यांची एक्स्पायरी त्याच्या आधी येते."

हे दुकान दोघांनी मिळून काढलेलं. मोरेश्वर पंपांच्या कंपनीतला इंजिनीअर, रमण अकाउंट्समधला, दोघांच्याही नोकऱ्या एकाच सुमारास गेल्या आणि दोघांच्याही बायकांना घरात बसलेला नवरा सहन होईना. रमणने माल, कंटेनर, बँक आणि टॅक्स घेतला. मोरेश्वरने तोंड घेतलं. दारात येणाऱ्याला तो "किया ओरा, या, या, बसा" असं एका श्वासात म्हणायचा, मग तो माओरी असो, सामोअन असो की सांगलीचा. बसायला दुकानात खुर्ची नव्हती हा भाग वेगळा. आणि बोलता बोलता एक दिवस तो लोकल बोर्डाच्या, म्हणजे इकडच्या वॉर्ड समितीच्या, निवडणुकीला उभा राहिला. पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी निवडून आला, तेव्हा रमणने पेढे वाटले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "गेलं दुकान."

दुकान गेलं नाही. मोरेश्वर गेला. जूनमधल्या एका पावसाळी दुपारी तो कुणाच्या तरी तुंबलेल्या गटाराकडे बघायला गेला होता. रेनकोट घालून गटारावर वाकला, आणि उठला नाही. हार्ट. अँब्युलन्स लगेच आली, पण तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते गटारही दुसऱ्याच दिवशी साफ झालं, आणि फणसाचा एक डबा सरळ करायचा राहून गेला.

भूत सापडल्यावर रमणला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मंदाकिनीबाईंना पकडता येत होतं, पण बाकीचं कसं पकडायचं? मागच्या दाराच्या फटीतून गार वारा यायचा म्हणून मोरेश्वरने स्वतःच तिथे आपला फोटो असलेला निवडणुकीचा प्लॅस्टिकचा बोर्ड ठोकला होता, माणसाएवढा, दात काढून हसणारा. नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो बोर्ड दारावर हलके हलके आपटायचा. रमण मागे तांदूळ मोजत असला की टक, टक, टक. "काय रे?" असं रमण सवयीने म्हणून जायचा, आणि मग कितीतरी वेळ त्याला मापात किती ओतलं ते आठवायचं नाही. काउंटरच्या डाव्या टोकाला, जिथे मोरेश्वर कोपर टेकून उभा राहायचा, तिथे लाकडाचं पॉलिश उडून गोल डाग पडला होता. तिथे कुणी पिशवी ठेवली की रमण ती उचलून उजवीकडे ठेवायचा. गिऱ्हाइकंही कमी नव्हती. पैसे रमणला द्यायची आणि बोलायची त्या डागाकडे बघून.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं स्वतःचं तोंड. रमण कमी बोलणारा. पण परवा एक बाई बस-स्टॉपच्या फुटक्या काचेचं सांगत होती आणि रमणच्या तोंडून आलं, "आलं लक्षात, आलं लक्षात, बघतोच." ते दोनदा म्हणायचं, मान डावीकडे टाकून, हे मोरेश्वरचं. बाई निघून गेल्यावर रमण पाणी प्यायला, त्याने चूळ भरली. चव तीच.

आणि अशातच प्रमोदिनी गुप्ते दुकानात आली. मोरेश्वरची बायको. तिच्याबरोबर मुलगी श्रिया. शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा ठरली होती. बोर्डाची माणसं येणार होती, दुकानदार येणार होते, मराठी मंडळाचे लोक तर येणारच.

"रमणभावजी, तुम्ही बोलायचं."

"वहिनी, मी? मला बोलता येत नाही हे अख्ख्या वेस्ट ऑकलंडला माहीत आहे."

"म्हणूनच. तुम्ही बोललात की लोक खरं मानतील." प्रमोदिनीने पर्स काउंटरवर ठेवली, बरोबर त्या डागावर, आणि रमणला ती उचलता आली नाही. "तुम्ही ऐकलंत ना रावसाहेब काय बोलत सुटलेत ते?"

रमणने ऐकलं होतं. रावसाहेब नाडगौडा हे जावयाकडे राहणारे निवृत्त तहसीलदार. हेन्डरसनच्या लायब्ररीत बसून ते सगळ्यांच्या चारित्र्याची सर्टिफिकिटं काढतात. त्यांचं म्हणणं, मोरेश्वर नेता कसला, दुकानदार होता; बोर्डावर गेला तो डबे खपवायला. ते हे मोठ्याने म्हणत, आणि ऐकणारे 'छे हो' असं हळू म्हणत.

"माणूस गेल्यावर असं बोलतात," प्रमोदिनी म्हणाली. तिचा आवाज हलला नाही, पर्सचा बंद मात्र तिने बोटाभोवती घट्ट गुंडाळला होता. "तुम्ही एवढंच सांगा. की त्यांनी बोर्डावरून दुकानासाठी काही म्हणजे काही केलं नाही. बाकाचं सांगा. बाकासारखा पुरावा नाही."

"काका, जस्ट बी रिअल," श्रिया म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत उतरते. "डॅड वुड हेट अ बोअरिंग वन."

"बघतो, बघतो," रमण म्हणाला, आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण तेही दोनदाच आलं होतं.

बाकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वरच्या चढावर नवीन टाउनहाउसेस झाली, त्यांत मुलांकडे आलेले आईबाप राहायला आले. गाडी चालवता येत नाही, सून-मुलगा कामावर, म्हणून ही मंडळी दुपारी चढ उतरून दुकानांपर्यंत चालत यायची आणि परत चढताना त्यांचे गुडघे बोलायचे. वाटेत टेकायला कुठे जागा नाही. एक वेळ अशी आली की तिखटमीठमध्ये बाकासाठी इतके डबे उलटे झाले, की फळी एखाद्या भूकंपानंतरची वाटायची. मोरेश्वरने बोर्डात बाक मागितला. आता सगळे समजून चालले होते की बाक त्याच्याच दारात लागणार. म्हातारी माणसं बसणार, तहान लागणार, ताक घेणार. पण जागा बघायला माणसं आली तेव्हा मोरेश्वर म्हणाला, आमच्या दारात नको, रस्त्यापलीकडे लावा. आणि मतदानाच्या वेळी, माझं दुकान त्याच रस्त्यावर आहे, असं सांगून तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. बाक पलीकडे लागला. पलीकडे काय आहे? विवेक धारपचं 'देसी पॅन्ट्री'. मसाले, डाळी, पिठं, तेच सगळं, वर गरम सामोसे. प्रतिस्पर्ध्याच्या दारात मोरेश्वरने सरकारी बाक बसवला! लोकांनी तोंडात बोटं घातली. वर्षभर त्याच्या निःस्वार्थीपणाच्या गोष्टी सांगितल्या.

त्या दिवशी रमण त्याच्यावर कधी नव्हे एवढा भडकला होता. मागच्या खोलीत, बेसनाच्या गोण्यांमध्ये उभं राहून त्याने विचारलं होतं, विवेकच्या दारात का? आणि मोरेश्वरने त्याला उत्तर दिलं होतं. ते उत्तर दोघांच्यातच राहिलं. आता एकट्या रमणपाशी राहिलं होतं. आणि ते असं होतं की शोकसभेत सांगितलं तर प्रमोदिनीच्या हातातला एकमेव पुरावा जाईल आणि रावसाहेब पुढची पाच वर्षं लायब्ररीत हसतील. आणि नाही सांगितलं, बाकाचा निःस्वार्थी बाक करून ठेवला, तर हॉलमध्ये फुलं वाहिली जातील ती भलत्याच कुणाला तरी. मोरेश्वरला नाही.

शुक्रवारी दुपारी त्याने भाषण म्हणून पाहिलं. समोर मागच्या दाराचा बोर्ड. "मोरेश्वरने दुकानासाठी कधीही काही..." टक. रमण थांबला. "निःस्वार्थ वृत्तीने त्याने..." टक, टक. बाहेर वारा होता, दुसरं काही नाही. रमणने बोर्डाच्या खाली कागदाची घडी घालून तो घट्ट केला. मग तो हलेना, आवाज होईना, नुसता दात काढून बघत राहिला. हे जास्त वाईट होतं. रमणने घडी काढून टाकली.

शनिवारी हॉल भरला. समोर टेबलावर मोरेश्वरचा फोटो, त्याला हार, समई पेटवायला परवानगी नव्हती म्हणून बॅटरीची. मंदाकिनीबाई चढावरच्या सगळ्या मंडळींना घेऊन आल्या, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही हातात फूल नव्हतं. प्रत्येकाच्या पिशवीतून डबा निघाला. एकेक जण फोटोपुढे गेला, नमस्कार केला आणि डबा उलटा करून ठेवून आला. छोले, फणस, आमरस, नारळाचं दूध. बोर्डाच्या माणसांनी आदराने माना झुकवल्या. त्यांना वाटलं हिंदू रिवाज असेल.

हॉलची देखरेख करणारी ग्लेनिस म्हणून एक वयस्क बाई होती, अतिशय प्रेमळ. मंडळी चहाला वळली तेव्हा तिला वाटलं, इंडियन लोकांनी फूडबँकेसाठी केवढे डबे आणलेत! तिने खोकं आणलं, एकेक उलटा डबा उचलला, पुसला, सरळ केला आणि लेबलं पुढे येतील अशा बेताने ओळीत लावून टाकला. "स्वीट अॅज," म्हणजे झकास झालं, असं ती फोटोकडे बघून म्हणाली.

मंदाकिनीबाई चहाचा कप घेऊन वळल्या आणि त्यांनी खोकं बघितलं.

"अगं बाई! सरळ केले?"

"कुणी?"

"त्या मडमेनं! सगळे! अहो, आमची कामं कुठे झालीत अजून!"

हॉलमध्ये एकदम गलका झाला. एक आजोबा खोक्यापाशी जाऊन आपले छोले शोधायला लागले, दुसरे म्हणाले ते माझे छोले. ग्लेनिस घाबरली, रडवेली झाली, तिला कुणीतरी इंग्रजीत समजावायला गेलं की हे डबे दानाचे नाहीत, ही तक्रार आहे, मेलेल्या माणसाकडे. ते ऐकून ती जास्तच घाबरली. रावसाहेब खुर्चीवरूनच म्हणाले, "बघा! शोकसभेत पण डबे! मी काय म्हणत होतो?" आणि या वेळी कुणी 'छे हो' म्हटलं नाही. प्रमोदिनी पहिल्या रांगेत पदर मांडीवर सारखा करत बसली होती. तिने मान वर करून रमणकडे पाहिलं.

रमण माइकपाशी गेला. कागद नव्हताच. त्याला भाषणाचं पहिलं वाक्य येत होतं.

"मोरेश्वरने बोर्डावरून दुकानासाठी..."

हॉलच्या दाराची झडप वाऱ्याने आपटली. टक. हॉलमध्ये बोर्ड नव्हता, रमणला ते माहीत होतं. तरी त्याची मान डावीकडे पडली. त्याने समोर बघितलं. खोक्यात सरळ लावलेले डबे, नीट, स्वच्छ, सगळं काम संपल्यासारखे. हे दृश्य मोरेश्वरने जन्मात कधी सहन केलं नसतं.

"...पुष्कळ केलं," रमण म्हणाला.

पहिल्या रांगेत प्रमोदिनीचे हात थांबले.

"पुष्कळ केलं. रावसाहेब बरोबर बोलतात. त्याने दिवा लावून दिला आणि छोले विकले. बस थांबवली आणि फणस विकला. तो फणस तर कुणी घेत नव्हतं, मी ऑर्डर करताना चुकलो होतो. सगळा गेला." कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. "आणि दुकानातूनही त्याने राजकारण पुष्कळ केलं. पाव किलो शेंगदाण्यांच्या मागे अर्धा तास गप्पा. मला वाटायचं, हा माणूस एक काय ते का करत नाही? त्याला तसं करताच येत नव्हतं. त्याला दोन वेगळ्या गोष्टी दिसतच नव्हत्या."

रावसाहेबांनी चष्मा काढला. आपण जिंकलो की हरलो ते त्यांना कळेना.

"पण भावजी," प्रमोदिनी बसल्या जागेवरून म्हणाली. माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. तिचा स्वर आता कोर्टातला नव्हता, घरातला होता, बाजारातून उशिरा आलेल्या नवऱ्याला विचारावं तसा. "मग बाक? तो तर विवेकच्या दारात लावला ना? बाहेर जाऊन उभे राहिले ना मतदानाला? तेवढं तरी दुकानासाठी नव्हतं?"

"वहिनी, विचारू नका."

"विचारतेय."

विवेक धारप तिसऱ्या रांगेत होता. तो पुढे सरकून बसला. मंदाकिनीबाईंनी खोक्यातून आपला आमरसाचा डबा काढून मांडीवर घेतला होता, उलटा. श्रिया भिंतीला टेकून उभी होती, तिने रमणला मानेनेच 'गो ऑन' केलं.

"मी त्याला हेच विचारलं होतं," रमण म्हणाला. "बेसनाच्या गोण्यांमध्ये. म्हटलं, अरे मोऱ्या, म्हातारी माणसं आपली, डबे आपल्याकडे उलटे केले, वर्षभर खेटे तू घातलेस, आणि बाक त्या विवेकच्या दारात? तो सामोसे विकणार त्यांना! तर तो हसला. असा, त्या निवडणुकीच्या बोर्डावरच्यासारखा. आणि म्हणाला..."

इथे रमणचा आवाज त्याचा राहिला नाही. हॉलमधले सगळे नंतर तेच सांगत होते, आणि हे मात्र त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. मान डावीकडे, शब्द गडबडीने, मागून हसू दाबल्यासारखं. प्रमोदिनीने तोंडावर हात ठेवला.

"रम्या, विवेकच्या दारात बसलेल्या माणसाची विवेकच्या दुकानाकडे पाठ असते. दिवसभर तो आपल्याकडे बघत बसतो."